आयसीयूत ऐकवलेली हाळी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. सणसरमध्ये माझं छोटंसं ब्यूटी पार्लर आहे. थ्रेडिंगला बसलेल्या बायका कुणाच्या अंगात आलं, कुणाला चकवा लागला हे रंगवून सांगतात आणि मी ‘हं हं’ करते... दातात दोरा धरलेला असला की वाद घालता येत नाही, एवढंच कारण. आज मात्र माझ्यावरच सांगायची वेळ आलीय.

सासर शेळगावचं. घरात आम्ही चौघं — मी, मिस्टर, सासूबाई आणि सासरे, म्हणजे आबा. आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. माझ्या लग्नाच्या आधीच त्यांनी कळप विकला. आता डाळिंब आणि भाजीपाला. मेंढरं गेल्यावर आबांनी सगळा जीव टीव्हीत घातला. कुस्त्या, बातम्या, बाजारभाव, अगदी माझ्या मालिकासुद्धा. रिमोट कायम त्यांच्या उशाखाली, आणि जाहिराती लागल्या तरी चॅनेल बदलायची सोय नाही.

मागच्या उन्हाळ्यात वावटळीनं डिश हलली आणि चित्र गेलं. मिस्टर म्हणाले, संध्याकाळी बघतो. पण आबांना दम कुठला... शिडी लावून स्वतःच स्लॅबवर चढले आणि उतरताना पाय निसटून डोक्यावर पडले.

बारामतीच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूत ठेवलं. मेंदूला सूज होती. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, पण शुद्ध काही येईना. आधी डॉक्टर ‘वाट बघू’ म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी मिस्टरांना बाजूला घेतलं आणि मनाची तयारी ठेवायला सांगितलं. सासूबाई जिन्यात बसून होत्या, त्यांना न सांगताच कळलं.

खाली जनरल वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता, पेशंटपेक्षा नातेवाईकच जास्त बघायचे. आयसीयूत मात्र काहीच नाही, मोबाईल दारातच काढून घ्यायचे. ज्या माणसाला घरात घटकाभर शांतता सोसत नव्हती, तो त्या मुक्या खोलीत नुसत्या मशीनच्या टुंक टुंक आवाजात पडलेला. मला ते बघवेना. सरळ सिस्टरशी भांडले.

“फोन आत चालत नाही ताई, नियम आहे.”

“पण पेशंटशी बोलत राहा, असं तुम्हीच सांगता ना? सून सासऱ्याशी काय बोलणार? ‘चहा ठेवू का’ एवढंच बोललोय आम्ही आजवर.”

सिस्टरला हसू आलं. तिनं डॉक्टरांना विचारलं आणि परवानगी मिळाली — दुपारच्या भेटीच्या वेळेत, फ्लाइट मोडवर, इअरफोन लावून.

पहिल्यांदा कुस्तीची कॉमेंट्री ऐकवली. मग बाजारभाव. काही फरक नाही. तेव्हा मीच मिस्टरांना म्हणाले, घरचेच आवाज आणा. ते सकाळी अंगणात फोन धरून उभे राहिले आणि जे ऐकू येईल ते रेकॉर्ड करून तडक बारामतीला आले.

इअरफोनचं एक टोक मी आबांच्या कानात घातलं आणि आवाज मोठा तर नाही ना, हे कळावं म्हणून दुसरं माझ्या. गाय हंबरली, कोंबड्या, सासूबाईंची भांडी, लांबवर कुणाची तरी मोटर. आणि शेवटी एक लांब हाक. शब्द नव्हते... पोटातून निघालेला, चढत जाऊन एकदम मोडणारा आवाज. पुन्हा एकदा तसाच. मला वाटलं, शेजारचं कुणीतरी ओरडत असेल.

आबांची बोटं हलली. मग पापण्या. सुकलेल्या ओठांनी ते स्वच्छ म्हणाले, “आलो.”

पुढचा गोंधळ काय सांगू. सिस्टर धावली, डॉक्टर आले, मी तिथंच भिंतीला टेकून रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर मोठ्या कौतुकानं ते रेकॉर्डिंग सासूबाईंना ऐकवलं. हाक आली तशा त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

“ही ह्यांची हाळी हाय.”

“कुणाची?”

“तुज्या सासऱ्याची. दुसऱ्या कुणाची?”

मग त्यांनीच सांगितलं. प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी असते. पाण्यावर दोन कळप मिसळले की मेंढरं हातानं निवडत बसायची नाहीत. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं आणि आपापली हाळी द्यायची. मेंढरं आपोआप वेगळी होतात, एक चुकत नाही. जिथं जनावर चुकत नाही, तिथं बायको कशी चुकेल?

मिस्टर हादरलेच. “आगं, मी हुतो की तितं हुबा. कुणी हाक मारली न्हाय. आन् आबा तवा आयसीयूत न्हवते व्हय?”

जुना आवाज म्हणावं, तर कळप विकला त्या दिवसापासून आबांनी हाळी दिलेली नाही आणि हा फोन आम्ही पुष्कळ नंतर घेतलाय. शेजारी विचारून झालं. मिस्टरांच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मित्रानं फाईल तपासली. जोडलेली वाटत नाही म्हणाला.

सासूबाई आधी देवाला नारळ फोडून मोकळ्या झाल्या. पण एका दुपारी लसूण सोलताना हळूच म्हणाल्या, “हाळी देणारा जागंवरच ऱ्हातो गं. मेंढरू त्येच्याकडं जातं. ह्यो तर अंगणातनं बोलवत हुता... मग तिकडं बारामतीत उठलं त्ये कोण?” माझ्या अंगावर काटा आला आणि त्यांची दयाही आली.

आबा घरी आले. खातात, पितात, काठी घेऊन बांधापर्यंत जातात. थोडं विसरतात, डोक्याला मार लागल्यावर तसं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सासूबाई त्यांचं सगळं करतात, पण जरा लांबून, पाहुण्याचं करावं तसं.

शेवटी त्यांना राहवलं नाही. आबा टीव्ही बघत बसले होते, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडून फोन घेतला आणि ते रेकॉर्डिंग लावलं. आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

“कोण हाय गं ह्यो? लई येळ झालं बोलवतुय बिचारा. त्येच्याकडं कुणी गेलंच न्हाय वाटतं.” मग आम्हा दोघींकडं बघून म्हणाले, “आगं, कुणीतरी ओ द्या त्येला.”

सासूबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि रिकाम्या अंगणाकडं बघून “ओ” म्हणाल्या. नवऱ्याची हाक आल्यावर बायको देते तशी, साधीच.

मी इतकी वाचाळ बाई, पण याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर मला जरूर कळवा. फक्त आमच्या सासूबाईंना सांगू नका. त्या अजून रोज दुपारी उंबऱ्यात जाऊन ओ देतात... आणि तेवढ्यापुरता आबा टीव्हीचा आवाज बंद करतात.