दोन वाजताची कूस

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरच्या सर्व्हिस फायलीत मेमो आहे. रुग्णाची कूस वेळेवर बदलली नाही, कामात हलगर्जी केली, असं त्यात लिहिलंय. त्या एका कागदापायी ती दोनदा इनचार्ज होता होता राहिली. तिने कूस बदलली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तशी घरात मी कमीच बोलते, त्यामुळे कुणाला काही वेगळं जाणवलं नसावं.

ती वॉर्डात आली तेव्हा माझी बावीस वर्षं नोकरी झाली होती. ती अमरावतीकडची. "काय करून राहिल्या, सिस्टर?" असं विचारायची, आणि चहाच्या वेळी आम्ही तिची नक्कल करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची. पण पेशंट हाका मारायचे तिला. माझ्या हातचं इंजेक्शन दुखत नाही असं सगळेच म्हणत, तरी मी ट्रे घेऊन गेले की कुणीतरी विचारायचंच, "त्या दुसऱ्या सिस्टर नाहीत का आज?"

"आहेत ना. पण सुई हीच आहे," मी म्हणायची.

मग अर्धांगवायूच्या एक आजी भरती झाल्या. वाचा गेलेली, एक बाजू लुळी. अशा रुग्णाला दर दोन तासांनी दुसऱ्या कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर कातडी दबून जखम होते. आजींना हात लावला की त्या चांगल्या हाताने पलंगाचा कठडा गच्च धरायच्या. एकेक बोट सोडवावं लागायचं.

प्रत्येक रुग्णाची काळजी कशी घ्यायची याचा कागद आम्ही लिहितो, केअर प्लॅन. माझे सगळे प्लॅन सारखे असायचे. 'दर दोन तासांनी कूस बदलणे. त्वचेची काळजी घेणे. धीर देणे.' वरचं नाव बदललं की झालं. हिने आजींच्या सुनेजवळ बसून चौकशी केली आणि लिहिलं: 'आजी घरी पलंगावरून पडल्या, म्हणून घाबरतात. आधी पाठीला हात लावून उभं राहावं. मग सांगावं. मग वळवावं. खिडकीबाहेरच्या पेरूवर पोपट येतात, ते दाखवावेत.'

मेट्रन मॅडमनी तो कागद मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचला. "धीर देणे म्हणजे काय, ते इथे कळतं," म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. माझे कान गरम झाले ते संध्याकाळी विश्रांतवाडीला घरी पोचेपर्यंत तसेच होते.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती, माझी दुपारची. पावणेदोनला मी वॉर्डात शिरले तेव्हा पडदा अर्धवट ओढलेला होता आणि ती आजींच्या पाठीला हात लावून उभी होती. "आजी, तिकडे पाहा बरं, पोपट आला." आजींनी कठडा सोडला. उजव्या कुशीवर वळल्या, सहज.

"इथे वॉर्ड आहे की अंगणवाडी?" मी म्हणाले.

ती हसली. मला ती हसली याचाच राग आला.

दोन वाजता ती मला ओव्हर देत होती, म्हणजे एकेका खाटेपाशी उभं राहून पुढच्या पाळीला रुग्ण सोपवत होती. तेवढ्यात खडकीच्या पाळणाघरातून फोन आला, मुलीला ताप भरलाय. "सिस्टर, आजींची दोनची नोंद राहिली जी. जागा सोडली आहे. उद्या आल्या आल्या लिहिते." आणि पळाली.

जागा सोडायची नसते. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शिकवतात. नोंदींमध्ये मोकळी जागा दिसली तर रेघ मारून बंद करायची, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. मी खिशातली पट्टी काढली, तिच्या मोकळ्या तीन ओळींवर आडवी रेघ मारली आणि शेवटी सही केली. नियमाप्रमाणेच केलं. माझ्या मनात नियम नव्हता, एवढंच.

पुढच्या सकाळी अंग पुसताना आजींच्या उजव्या खुब्यावर लाल डाग दिसला, कातडी सोललेली. मुलगा हिंजवडीहून ऑफिस टाकून आला आणि आवाज चढवून बोलला. बोलणारच. कागद तपासले. बारानंतर एकदम माझी चारची नोंद, मधे रेघ.

"मी वळवलं होतं, मॅडम. सिस्टरनी पाहिलं," ती म्हणाली.

मेट्रन मॅडमनी मला विचारलं, "पाहिलंत?"

"नोंद नाहीये, मॅडम," मी म्हणाले.

यात खोटा एक शब्द नाही. सहा वर्षं मी याच गोष्टीला धरून बसले.

जखम महिन्याभरात भरली, आजी घरी गेल्या. मेमो राहिला.

यंदा नव्या मुलींना नोंदी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. शिस्तीचा नमुना म्हणून मेट्रन मॅडमनी तोच कागद नावं झाकून पडद्यावर दाखवायला दिला. माझी रेघ हातभर लांब दिसत होती. जुन्या स्टाफलाही बसायचं होतं, त्यामुळे ती शेवटच्या बाकावर. एका नव्या मुलीने हात वर केला.

"पण मॅम, ॲक्चुअली काम झालं होतं का?"

"नोंद नाहीये," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

वर्ग सुटल्यावर शेवटच्या बाकावरची ती मला जिन्यात भेटली. "रेघ सुंदर मारता सिस्टर तुम्ही. अख्ख्या वॉर्डात पट्टी वापरणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"मला तुझ्याशी बोलायचंय," मी म्हणाले.

"तोंडी नको जी. लिहून द्या. बुधवारी माझा इंटरव्ह्यू आहे इनचार्जचा." आणि ती वर निघून गेली.

राहिलेली नोंद उशिरा करायची असेल तर जुन्या कागदाला हात लावत नाहीत. आजची तारीख, आत्ताची वेळ, आणि घटना केव्हाची ते. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोरा कागद घेतला. 'दुपारी दोनच्या सुमारास सिस्टरनी रुग्णास उजव्या कुशीवर वळवले. मी प्रत्यक्ष पाहिले. विचारले असता सांगितले नाही.' एवढं लिहायला पाच मिनिटं लागली. पुढचं लिहायला सुट्टी संपली.

कारण चार आणि सहाच्या माझ्या नोंदी भरलेल्या होत्या, सुवाच्य, सहीनिशी. आणि मी आजींना वळवलंच नव्हतं. चारला त्यांनी कठडा धरला. पाठीला हात लावून उभं राहायचं, हे मला माहीत होतं. पण ते तिच्या कागदावरून शिकायचं नव्हतं मला. मी रकाना भरला. सहाला परत तेच. आठला रात्रीच्या सिस्टरनी वळवेपर्यंत आजी त्याच उजव्या कुशीवर होत्या, जिच्यावर हिने त्यांना दोनला ठेवलं होतं.

तेही लिहिलं. या वेळी पट्टी न घेता.

मेट्रन मॅडमनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "याचा परिणाम काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

"हे फायलीत लावू?"

"दोघींच्याही," मी म्हणाले.

नोंदींचा वर्ग माझ्याकडून गेला, आणि माझी चौकशी लागली आहे. ती पहिल्या तारखेपासून आमची इनचार्ज झाली. माझ्याशी कामापुरतं बोलते, ओव्हर घेताना माझी प्रत्येक नोंद रुग्णाकडे बघून पडताळते. मुलींना घेऊन ती राउंडला निघाली की 'काय करून राहिल्या' अजूनही माझ्या जिभेवर येतं. ते गेलं असं लिहिलं तर ती आणखी एक खोटी नोंद होईल.

काल आठ नंबरच्या आजोबांना वळवायचं होतं. मी आधी तिचा प्लॅन वाचला.