तीच मोटर, नवी चिप

आमच्या छोट्या कारखान्यात शेतीपंपाची स्टार्टर पॅनलं आणि वजनकाटे बनायचे. विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करायची, हे पॅनलचं मुख्य काम. ते सांभाळणारा प्रोग्राम असेंब्लीत, म्हणजे थेट त्या चिपच्याच भाषेत लिहिलेला होता आणि लिहिणारे गृहस्थ मी लागायच्या आधीच नोकरी सोडून गेलेले. ती चिप बाजारात मिळेनाशी झाली तेव्हा साहेब म्हणाले, "दुसऱ्या कंपनीची घेऊ. प्रोग्राम तेवढा तिच्यावर बसवून द्या."

तो उन्हाळा त्या 'तेवढ्या'तच गेला. चिपचं घराणं बदललं की असेंब्लीची एकही ओळ जशीच्या तशी चालत नाही. वेळ काढायला त्या गृहस्थांनी चिपला रिकामे फेरे मारायला लावले होते. नव्या चिपची गती वेगळी, म्हणून प्रत्येक फेरा नव्याने मोजायचा. कशाचाही खुलासा लिहिलेला नाही. एका ठिकाणी फक्त 'इथे हात लावू नये' एवढंच. मला लावावाच लागला. संध्याकाळी हिंजवडीच्या गर्दीतून नेरे गावातल्या भाड्याच्या खोलीवर पोचायचे तेव्हा जेवायचाही कंटाळा यायचा.

कारखान्यात मोटरऐवजी दिवे लावून चाचणी झाली. दिवे वेळेवर लागले, वेळेवर विझले. पण पाणी आहे की नाही हे पॅनल मोटर किती करंट ओढते त्यावरून ओळखायचं, ते दिव्यांवर कळणार कसं? घरमालकीण काकूंच्या विहिरीवर आमचंच जुनं पॅनल होतं. त्यांना विचारून एका रविवारी आमच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन गेले आणि नवं बसवलं.

मोटर सुरू झाली, पाईपातून पाणी आलं आणि मोटर बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

काकू बांधावरून म्हणाल्या, "ताई, पानी आलं की बंद पडतिया व्हय? मंग ही कोरड्या हिरीवर लई चालंल बगा."

हसण्याचंही त्राण नव्हतं. पण त्यांच्या बोलण्यानेच डोक्यात प्रकाश पडला. दोन आकड्यांत लहान कोणता हे चिप वजाबाकी करून ठरवते. त्या वजाबाकीत हातचा घ्यावा लागला, तर जुनी चिप खूण म्हणून एक ठेवायची. नवी तिथे शून्य ठेवते. त्यामुळे प्रत्येक तुलना उलटी करून लिहायची होती. बाकी सगळ्या केल्या होत्या, नेमकी ही करंटची राहिली होती. पंपघराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून ती ओळ बदलली. मोटर चालत राहिली. इलेक्ट्रिशियन आणि काकूंचे दीर, दोघांनी सक्शनचा पाईप पाण्याबाहेर ओढून धरला, तशी बंद पडली.

"झालं का?" काकूंनी विचारलं.

"झालं. आता पहिल्यासारखंच चालेल."

"पयल्यावानी तर आदीबी चालत व्हतं. मंग तुमी एवढं दीस काय केलं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. आता वजनकाट्याचं बघा. त्यातही तीच जुनी चिप आहे."

इलेक्ट्रिशियन सामान आवरून निघून गेला. मी चपला काढल्या आणि वाफे भरेपर्यंत पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसून राहिले.