सहादेव पारध्याची चुकलेली हजेरी

मिरजगावाकडच्या आमच्या गावचा मी मुलानी, रज्जाक. गावात कुनाचंबी कोंबडं-बकरं कापायचं तर बिस्मिल्ला म्हनून सुरी मीच फिरवायची. सहादेव फासेपारधी माळावर पालात ऱ्हायचा. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं साल असंल. तो पाखरं जित्ती आनायचा, मेलेली मला चालायची न्हाईत, म्हनून आमचं जमायचं.

हात लई कसबी गड्याचा. घोड्याच्या शेपटीचे केस वळून फास करायचा, बांधाच्या कडंनं त्यांची रांग लावायचा, अन् मग लांबनं तित्तरं हाकत आनायचा, गाय वळवल्यागत, सावकाश. अंड्यावरची मादी गावली की पाय मोकळा करून सोडून द्यायचा. एकदा मी म्हनलं, "अरं, चांगली भरलेली हाय, दे की." तर माझ्यावरच भडकला. "पुढल्या साली काय तुमची दाढी धरू व्हय फासात?" असा फटकळ तोंडाचा.

अन् लावलेला फास रानात तसाच ठेवून तो कवाच घरी यायचा न्हाई. पाखरू रातभर तडफडलं तर देवी कोपती म्हनायचा.

पन पारध्यांना तवा सरकारी हजेरी हुती. त्यांच्यात जन्मला तो चोर, असा कायदाच. रोज दिवस मावळताना चावडीत पाटलाम्होरं हुबं ऱ्हायचं, चुकलं की तुरुंग.

त्या दिवशी दुपारी सहादेव वाटंत भेटला. म्हनला, "रज्जाकभाई, आज फास वढ्यापल्याड लावल्यात. उचलून येस्तवर उशीर हुईल. पाटलाला तेवढं सांगा."

"जा बिनघोर," मी म्हनलं.

चावडीत गेलो तर तिथं फौजदार बसलेला. गावात वाण्याचं दुकान फुटलं हुतं. सहादेवाचं नाव पुकारलं. "कुठं गेलाय, कुणाला माहीत आहे का?" फौजदारानं इचारलं. बोललो तर म्हनंल, तुला कसं ठाव, तूबी त्याच्यातलाच. मी मान खाली घातली.

थोड्या येळानं सहादेव धापा टाकत आला. पाठीवरच्या जाळीत सहा तित्तरं फडफडत हुती. "फास उचलाया गेल्तो सायेब. रज्जाकभाईंना इचारा."

फौजदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, "मला न्हाई ठाव."

त्याला तितंच बडवला. बेड्या घालून नेताना तो माझ्याकडं बघत हुता, शिवी सुदिक दिली न्हाई. दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

मग शिपायानं ती जाळी माझ्याम्होरं टाकली. फौजदाराच्या जेवनाची सोय. सहादेव कुठं हुता याचा तेवढाच पुरावा हुता, अन् त्यो मी अल्लाचं नाव घेऊन कापला, सहाच्या सहा. लाज वाटत हुती, पन हात काय थांबला न्हाई. असला मी माणूस.

सकाळी त्याची बायको भागूबाई दारात आली. फडक्यात भाकरी बांधलेली, तालुक्याला निघालेली.

"भाऊ, लोक म्हनत्यात तुमी चावडीत हुता," ती म्हनली. "तुमी खरं सांगितलं असंल, म्हनून जित्ता ठिवला त्याला. न्हाईतर मारूनच टाकला असता."

माझी बायको शहजादी आत चुलीपाशी ऐकत हुती. तिला सगळं ठाव हुतं.

मी म्हनलं, "व्हय, सांगितलं की म्या."

भागूबाई माझ्या पाया पडली अन् वाटंला लागली. कोठडीच्या गजाआडनं नवरा तिला खरं काय ते सांगनार, हे कळत असूनबी मी तिला माघारी हाक मारली न्हाई.