मामा, मामी आणि जुना कर्नल

आमच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू टाकून दिलेली नाही. हे मी कौतुकानं सांगतो आहे की तक्रारीनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणालाही आलेलं नाही. मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत माळ्यावर काय काय आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक. बंद पडलेल्या घड्याळाचा लंबक, गावाहून आलेल्या आमसुलांच्या रिकाम्या बरण्या, एक पाय नसलेली खुर्ची, आजोबा गिरणीत होते तेव्हाचा त्यांचा जेवणाचा डबा आणि त्या डब्यात कसले तरी स्क्रू. मामी एकदा वैतागून म्हणाली होती, "ह्या घरात मी सोडून सगळं दुरुस्तीला काढलेलं आहे." मामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तू चालू आहेस ना, म्हणून." यात विनोद करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मामा विनोद करत नाहीत.

अशा माणसाच्या हाती लिनक्स लागावं हे विधिलिखितच असणार. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मामा सुपरवायझर होते. ते निवृत्त झाले त्याच सुमाराला तिथल्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला. भंगार हा शब्द कानावर पडला की मामांच्या अंगात येतं. त्यांनी तो रिक्षात घालून, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मांडीवर घट्ट धरून घरी आणला. नवीन काहीही त्याच्यावर चालेना. मग कुणीतरी सांगितलं, लिनक्स टाका, कॉम्प्युटर चालवणारी ती फुकटची प्रणाली असल्या म्हाताऱ्या मशीनवरही चालते. टाकलं, आणि ते मशीन उठून बसलं. त्या दिवसापासून मामांनी लिनक्सची दीक्षा घेतली, आणि दीक्षा घेतलेल्या माणसाला एकट्यानं तरून जाणं कधीच पुरत नाही. बोरिवलीच्या मावशीकडे सत्यनारायणाचं तीर्थ हातावर घेताघेता ते तिच्या मुलाला विचारत, "शेवटचं अपडेट कधी केलंस?" माझा लॅपटॉप त्यांनी अंधेरीला येऊन, मी नको नको म्हणत असताना, लिनक्सच्या ताब्यात दिला. तेव्हापासून माझा प्रिंटर चालत नाही. मामांच्या मते तो दोष प्रिंटरच्या स्वभावाचा आहे.

अपडेट हे तर त्यांचं व्रतच. "अपडेट आलं म्हणजे पाहुणा दारात आला. त्याला ताटकळत ठेवू नये," असं ते म्हणत. रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते कीबोर्डसमोर बसत. अपडेट चालू असताना घरात मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, कुणी बेल वाजवली तर दार मामीनं उघडायचं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत आणि मामा त्या अर्ध्या आवाजात वाचत. एखादी ओळ कळली की मान डोलावत, नाही कळली तर जास्त डोलावत.

नवं घ्यायचं म्हणजे जुनं सोडायचं हे मात्र त्यांना मंजूर नव्हतं. कर्नल म्हणजे या सगळ्या कारभाराचा गाभा. मशीन सुरू होताना तोच आधी उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. अपडेटबरोबर अधूनमधून नवा कर्नल येतो, आणि जुने झालेले कर्नल मशीन आपलं आपण काढून टाकतं. मामांनी ते काढून टाकणंच बंद करून ठेवलं होतं. "नव्यावर इतका विश्वास बरा नाही," ते म्हणत. त्यामुळे माळ्यावर बरण्या साठाव्यात तसे त्या मशीनच्या पोटात कर्नल साठत गेले. जोडीला दुसरं व्रत होतं ते बॅकअपचं. प्रत्येक गोष्टीची एक प्रत आपल्याकडे आणि एक नातेवाइकाकडे हवी. आमच्या सगळ्या घराण्याच्या लग्नांचे फोटो, बारशांचे व्हिडिओ, माझ्या मुलीचा शाळेतला नाच, सगळं मामांच्या कपाटात पेनड्राइव्हमध्ये आहे. ज्यानं कॉपी ठेवली नाही त्याच्याशी ते काही दिवस बोलत नसत.

आता मामीबद्दल सांगायला हवं, कारण ते मशीन खरं तर मामीचं होतं. मामीचा आवाज ही आमच्या आजोळची एक मोठी गंमत होती. तिनं तिसऱ्या मजल्यावरून "अहो" अशी हाक मारली की खाली फाटकाशी उभे असलेले चार-पाच नवरे एकदम वर बघत. मग तिचा घसा बसायला लागला. औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. मी तेव्हा तिथे होतो. मामांनी विचारलं, "काढलेलं आम्हाला परत मिळेल का?" डॉक्टरांना हा माणूस वेडा वाटला असणार. मला माझ्या मामांची इतकी दया कधी आली नव्हती.

ऑपरेशनच्या आधी मामांनी माळ्यावरून एक माइक काढला आणि मामीचा बसका का होईना, पण तिचा आवाज साठवायला घेतला. ती चिडायची. "मी काय मेले आहे का?" म्हणायची. तेही वाक्य त्यांनी साठवलं. "चहा टाकू का?", "किल्ली घेतली का?", "हळू बोला, शेजारी ऐकतात", "कोण आलंय बघा". मागे कुठे कुकरची शिट्टी आहे, कुठे कावळा आहे. मग त्यांनी त्या मशीनच्या जुन्या कीबोर्डच्या एकेका कळीवर मामीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली. कळ दाबली की ते वाक्य. मामी ऑपरेशन होऊन घरी आली, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली, कीबोर्डपाशी गेली आणि एक कळ दाबली. "अहो!" मामा हातातली पिशवी टाकून स्वयंपाकघरातून धावत आले. तेव्हापासून त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. बाहेर जाताना तिच्याकडे लिहायला पाटी असे, पण घरात ती कळाच दाबायची. मामांशी पाटीवर भांडण्यात तिला मजा वाटत नसे. आणि तिला मशीन सुरू होताना थांबावं लागू नये, नको ती कळ दाबली जाऊ नये, म्हणून सुरुवातीला कुठला कर्नल लावायचा हे विचारणारी जी यादी येते ती मामांनी लपवून टाकली होती.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मामांचा मला फोन आला. अपडेट चालू होतं आणि ते मला माझ्या प्रिंटरविषयी चार समजुतीच्या गोष्टी सांगत होते. त्या नादात पडद्यावरची एक ओळ वाचायची राहिली. जागा अपुरी आहे, एवढंच ती ओळ सांगत होती. साठवलेल्या कर्नलांनी मशीनमधली त्यांची खोली गच्च भरून गेली होती आणि नवा अर्धाच आत शिरला होता. हे नंतर कळलं. त्या वेळी मामांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि थोड्या वेळानं मला दुसरा फोन केला. प्रिंटरचं नाव नाही, उपदेश नाही. "जरा ये रे," एवढंच म्हणाले.

मी पोचलो तेव्हा मामा धुतलेल्या सदऱ्यानिशी टेबलाखाली बसून वायरी चाचपत होते. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी होत्या आणि त्या हलत नव्हत्या. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी होती.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, मूळ डिस्क सापडत नाही."

"म्हणजे डिस्क गेली?"

"माका म्हायत नाय." मामा घाबरले की मालवणीत जातात. "गेली असात तर सगळाच गेला."

"तुमचा तो अडीअडचणीचा पेनड्राइव्ह?"

मशीन अडलं तर ज्याच्यावरून सुरू करता येतं असा तो पेनड्राइव्ह ते किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवून लग्नकार्यालाही नेत. मामांनी वॉशिंग मशीनकडे बोट केलं. त्यांच्या पॅंटबरोबर त्यालाही आंघोळ घडली होती.

"जाऊ दे. आवाजाची कॉपी आहे ना, ती दुसऱ्या मशीनवर लावू."

मामा आणखी आत सरकून वायरी चाचपत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग ते टेबलाखालूनच म्हणाले, "नाही केली."

माझा कानांवर विश्वास बसेना. "मामा, माझ्या मुलीच्या नाचाची कॉपी आहे तुमच्याकडे. ह्याची नाही?"

"अरे, ती हडे घरात आसा." त्यांचा आवाज फुटला. "कॉपी कोणाची करतत? जाणाऱ्याची. ती भाकऱ्यो थापता थय, आणि मी हय तिचो आवाज डब्यात घालून ठेवू? माका जमाक नाय. दर रविवारी कॉपी करूक बसलंय आणि दर रविवारी उठलंय."

मामांना रडताना मी आजी गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मामीनं मात्र ते सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, हात पुसून पाटी घेऊन आली आणि टेबलाशी वाकून मामांच्या नाकासमोर धरली. पाटीवर लिहिलं होतं, "जुनं सगळं जपता ना? मग जुनं लावा."

तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. बहुतेक माळ्यावरचा दुसरा जुना कॉम्प्युटर. पण मामा ती पाटी बघतच राहिले. मग इतक्या झटक्यात उठले की टेबलावर डोकं आपटलं.

"जुनो! अगो, जुनो कर्नल आसा मा! वाट लागली ती नव्या कर्नलची. डिस्कची नाय!"

यादी लपवलेली होती, ती वर आणायला सुरुवातीलाच एक कळ दाबून धरावी लागते. मामांची एकदा वेळ चुकली, दुसऱ्यांदा चुकली. मग मामीनं त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून ती कळ धरून ठेवली. पडद्यावर यादी उतरली. केवढी लांब! इतक्या वर्षांत आलेला एकेक कर्नल रांगेत उभा होता. मामांनी नव्याच्या लगेच खालचा निवडला. ओळी धावायला लागल्या. या वेळी मामा त्या वाचत नव्हते, त्यांनी डोळे मिटले होते. मीच बघत होतो, आणि रोजचा तो निळा पडदा उजळला तेव्हा मीच ओरडलो.

मामीनं शांतपणे एक कळ दाबली. "अहो, पानं घेतली आहेत. लवकर या, भात निवतो."

"आलो, आलो," मामा म्हणाले. आणि गेले. भात अजून शिजायचा होता, पानंही मांडलेली नव्हती. पण ते स्वयंपाकघरात जाऊन आपल्या जागेवर बसले आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत राहिले. मामीनं त्यांच्यासमोर रिकामं ताट ठेवलं. मी बाहेर खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

त्या दुपारी मामांनी जुने कर्नल काढून टाकले. जागा करायलाच हवी होती. एकेकापाशी ते थांबत, काहीतरी पुटपुटत आणि मग कळ दाबत. आपला तारणहार तेवढा त्यांनी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा काही टाकून देताना त्यांना मी पाहिलं. मग त्यांनी मामीच्या आवाजाची कॉपी केली, पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. पण लावू नको हं. ती इथे असताना लावायचं नाही." तो माझ्या अंधेरीच्या कपाटात आहे. त्याच्यावर मामांनी नावही लिहिलेलं नाही.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मामी आता थकली आहे, कळ दाबायला उठायचं तर टेबलाचा आधार घेते. कळीतली मामी मात्र त्याच बसक्या आवाजात, तेवढ्याच जोरानं ओरडते. जेवताना माझं लक्ष पडद्याकडे गेलं. कोपऱ्यात छोटी पाटी आली होती, नवीन अपडेट आलं आहे म्हणून. ती बरेच दिवस तिथेच असावी.

"मामा," मी म्हणालो, "पाहुणा दारात उभा आहे."

मामांनी मान वर केली नाही. "उभो रवांदे," ते म्हणाले, "घरात माणसा जेवतत."

मामी हळूहळू उठली, टेबलापाशी गेली आणि कळ दाबली. "भात वाढू का अजून?" मामांनी ताट पुढे केलं.