डीजे काँगोला मराठी कळतं

"तोंड उघडायचं नाय. बाकी काय बी कर."

विक्रांत हे म्हणाला तेव्हा माझ्या गळ्यात लाकडी मण्यांची माळ घालत होता. चित्त्याच्या ठिपक्यांचा शर्टही त्यानंच आणलेला. मी तो माझ्या टी-शर्टवरूनच चढवला, एक माप मोठाच होता. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडच्या एका लॉन्सवर हळदीचा कार्यक्रम. सकाळचे अकरा वाजलेले. गेटवर माझा फोटो आणि वर लिहिलेलं, 'डीजे काँगो, थेट आफ्रिकेतून'. मी पिशोरचा. आफ्रिका मी मोबाइलवर बघितली आहे, तीही डेटा शिल्लक असेल तर.

विक्रांत म्हणजे लग्नाचे कार्यक्रम घेणारा इव्हेंटवाला. माझा रंग काळा, केस कुरळे, नाक बसकं. शाळेत यावरून पोरांनी मला नावं ठेवली, मास्तर हसले. विक्रांतनं मात्र पहिल्या भेटीत खांद्यावर हात ठेवला, भाऊ म्हणाला, चहा पाजला. कुणी एवढं गोड बोललं की मी सावध होतो. आमच्या घरात सगळ्यांनाच ती सवय आहे, आणि ती काय हौसेनं लागलेली नाही. तरी मी त्याला हो म्हणालो. का म्हणालो, ते सांगतो.

मी आफ्रिकन हाउस वाजवतो, म्हणजे तिकडचं ठेक्यावर नाचायचं संगीत. हे मला बोंगानीनं शिकवलं. तो दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, इथं संभाजीनगरात फार्मसी शिकायला आलेला. पुंडलिकनगरात त्याला खोली मिळाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. शेजारच्या बायका घाबरतात म्हणे. मग माझ्या बापानं शहरातल्या आमच्या घरावरची पत्र्याची खोली त्याला दिली. तीन वर्षं तो आमच्यात राहिला. आईच्या हातचं पिठलं खाऊन नाक पुसत बसायचा.

गावाकडं तो नावाजलेला डीजे होता. त्याची आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. मावसभावाच्या मोडक्या कॉम्प्युटरवर तो गाणी जोडायला शिकला. केलेलं गाणं पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि वडापच्या गाड्या चालवणाऱ्यांना वाटायचं, अशी तिकडची पद्धत. गाडीत वाजलं तर आठवड्यात अख्ख्या शहराला माहीत. तसंच त्याचं एक गाणं चाललं, मग लग्नं, मग मोठे हॉल. आईनं हट्ट धरला म्हणून शिकायला आला, नाहीतर त्यानं डीजेचा कन्सोल सोडला नसता. मला शिकवताना एकच गोष्ट सारखी सांगायचा. तुझा हात घाई करतो. बेस, तो छातीत घुमणारा ठोका, लगेच सोडू नको, लोकांना वाट बघू दे.

शिक्षण संपवून तो परत गेला. आता तिकडं लोक त्याच्या नावावर येतात. मलाही तेच पाहिजे होतं. हे संगीत या शहरात वाजावं आणि ते कोण वाजवतं ते लोकांना माहीत असावं. एवढीच हाव. पण आपल्याकडं डीजे म्हणजे ऑपरेटर. साउंडच्या गाडीवर नाव मालकाचं, आणि गाणी तीच ती. दोन वर्षं मी दारोदार फिरलो. आफ्रिकेचं कोण ऐकतंय, असं म्हणून लोक हसायचे. विक्रांत म्हणाला, ऐकतील, पण वाजवणारा आफ्रिकेचा पाहिजे. म्हणून मी काँगो झालो.

आता खरं बोलतो. पहिल्या दोन कार्यक्रमांत मला मजा आली. खुर्ची मिळाली. 'सर' म्हणाले. पाहुण्यांच्या पंगतीत जेवलो. याआधी ऑपरेटर होतो तेव्हा केबल जोडून व्हायच्या आत कुणीतरी विचारायचंच, आडनाव काय? सांगितलं की चेहरा तसाच राहायचा, फक्त माझं ताट मांडवामागं जायचं. काँगोला कुणी आडनाव विचारलं नाही. मुका झालो आणि माणसात आलो. हे कळत होतं मला. कळूनही जात होतो.

बापाला हे धंदेच पटत नव्हते. आमचा आजा पिशोरात दुसऱ्यांच्या दारी हलगी वाजवायचा, सांगितलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं ती खाली ठेवली, पुन्हा हात लावला नाही. बाप म्हणायचा, "दोन पिढ्या झाल्या सोडून, अन् तू पुन्हा त्यांच्याच मांडवात उभा." मी त्याला म्हणायचो की ते हुकमाचं होतं, हे माझ्या आवडीचं आहे. काँगोचं सोंग मी त्याला सांगितलं नव्हतं. यावरूनच काय ते समजा.

तर हळद. पहिली वीस मिनिटं झकास गेली. पिवळ्या साड्यांतल्या पोरी नाचत होत्या. मी बेस अडवून धरला, सोडला, सगळं लॉन एकदम उसळलं. तेवढ्यात नवरीचे काका एका पाहुण्याला घेऊन माझ्या कन्सोलला टेकून उभे राहिले. गोठ्यातल्या बैलापुढं बोलावं तसं बोलायला लागले. काँगोला मराठी कुठून येणार?

काका म्हणाले, "हे बरं केलं विक्रांतनं. आपल्याकडची डीजेवाली सगळी जयंतीची पोरं. हळदीला नको वाटतं."

पाहुणा म्हणाला, "व्हय. ह्याला जातच नाय."

मी हेडफोन कानावर दाबले. तरी ऐकू आलं. हात चालू ठेवला.

मग नवरीची आत्या आली, हळदीची वाटी घेऊन. ह्याला लावू का, रंग दिसतो का बघू, असं ती पोरींना म्हणाली. मोबाइल वर झाले. तिनं माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. मग अंगठा ओला केला आणि माझा गाल घासला. रंग निघतो का ते बघायला. "निघंना की," ती म्हणाली. सगळे हसले. विक्रांत सगळ्यात मोठ्यानं हसला.

बाई वाईट नव्हती. सख्ख्या भाच्याची थट्टा करावी तशी हसत होती. तेच मला सहन झालं नाही. आमची आजी सांगायची, गावात लग्नघरची हळद आमच्या बायकांच्या हातावर वरून टाकायचे, बोटाला बोट लागू नये म्हणून. आणि आज तशाच घरातलं बोट माझ्या गालावर होतं. ते माझ्यासाठी नव्हतंच. काँगोसाठी होतं. आणि खरंच बोंगानी इथं उभा असता तर त्यालाही असंच घासून बघितलं असतं. मला माझ्या नावानं शिवायचं नाही आणि त्याला माणूस मानायचं नाही. दोन्ही कामं त्या एका अंगठ्यानं झाली.

मी आवाज पूर्ण खाली आणला. लाइट गेली असं वाटून लोक इकडं तिकडं बघायला लागले. विक्रांत लांबून हातवारे करत होता. मी माइक उचलला.

"मी पिशोरचा हाय. कन्नड तालुका. मराठी कळतं मला. मघापास्नं सगळं कळलं."

मग माझं नाव सांगितलं. आडनावासकट. बौद्ध आहे म्हणून सांगितलं. हे संगीत डर्बनचं आहे, ज्यानं शिकवलं त्याचं नाव बोंगानी, तेही सांगितलं.

आत्यानं अंगठ्याकडं बघितलं. मग लॉनच्या कडेला नळ होता तिथं गेली आणि हात धुतला. साबण मागून धुतला. हळद तिथं सगळ्यांच्याच हाताला होती. धुतला तिनं एकटीनं.

काका जवळ आले. आवाज एकदम मऊ.

"आधी सांगायचं ना, बाळा."

"सांगितलं असतं तर बोलावलं असतं का?"

त्यांनी विक्रांतकडं बघितलं. विक्रांत माझ्या कानाशी येऊन म्हणाला की संभाजीनगर ते जालना, मला कुठं उभं राहू देणार नाही. मी शर्ट आणि माळ काढून त्याच्या हातात दिली. लॅपटॉप उचलला आणि हळद तोंडावर तशीच ठेवून बसस्टॉपपर्यंत चालत आलो.

त्याच दुपारी बोंगानीला फोन लावला. शाबासकी मिळेल असं वाटत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हे कितव्यांदा? तिसऱ्यांदा, मी म्हणालो. आधीच्या दोन वेळा तुला राग का नाही आला, त्यानं विचारलं. त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, "मैंने तेरे को बजाना सिखाया. मेरा सोंग करना नहीं सिखाया." सोंग हा शब्द तो आमच्याच घरात शिकला होता.

त्यानं फोन ठेवला तेव्हा मला लाज वाटली, हळदीच्या वेळी वाटली त्याहून जास्त. ज्यानं त्याला खोली नाकारली आणि ज्यानं त्याचा रंग अंगावर घालून जेवण मिळवलं, त्यांच्यात फरक किती? सगळ्या जगावर संशय घेत फिरणारा मी. माझ्यावर घ्यायचा मात्र राहून गेला होता. दोन दिवसांनी मी त्याची माफी मागितली. त्यानं अजून काही कळवलेलं नाही.

विक्रांतनं शब्द पाळला, माझं काम बंद झालं. अधूनमधून कुणी तरी फोन करतं, तेच आफ्रिकन पाहिजे म्हणतं. परवा एकजण म्हणाला, "वाजीव तू, पण नाव नुसतं डीजे ठिवू. आडनावाचा उगं विषय नको." फार आपुलकीनं बोलत होता. मी त्याला नाही म्हणालो.

आता समोरच्यानं विचारायच्या आधीच मी सांगतो. नाव, आडनाव, गाव, बौद्ध. हे संगीत कुठल्या लोकांचं, तेही सांगतो. जेवण पाहुण्यांच्या पंगतीत. जमत असेल तर तारीख बोला. बहुतेक जण कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत. नका कळवू. मी आफ्रिकन हाउस वाजवणार, याच शहरात वाजवणार, आणि पहिलं गाणं लावायच्या आधी माइक माझ्या हातात असणार.