सोप्यात न बोलणारा बाप

आक्का, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तुम्ही वेशीपर्यंत आला होतात. माझी सुमन तुमच्या कडेवर होती आणि तुमच्या गळ्याला मिठी मारून 'आई, आई' करत रडत होती. तिला जन्म दिलेली मी गाडीत बसले होते. मला ती काकी म्हणायची, तुमची मुलं म्हणतात तसं, आणि बापाला काका. सगळे हसले, मीही हसले. आज ते हसू आठवलं की माझाच मला राग येतो.

लढाई संपून हे पलटणीतून सुटून आले तेव्हा सुमन अडीच वर्षांची होती. त्यानंतर चार महिने एका घरात राहून हे लेकीशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या पोराला जवळ घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तुमच्या मुलांना मात्र हे खांद्यावर बसवून पाटाच्या पाण्यापर्यंत न्यायचे, आणि तुमचे मालक सुमनला शेंगा फोडून द्यायचे. पोर आपलं नसेल तरच त्याच्याशी बोलायची मोकळीक. मामंजी म्हणायचे, "आपल्याच पोराचं लाड आपुनच करायचं? लाज न्हाई वाटत?"

सांगलीत हळदीच्या पेठेतल्या एका गोदामावर यांना वॉचमनची ड्युटी मिळाली. भाड्याच्या दोन खोल्या. तिथं मामंजी नव्हते, तरी यांना लेकीशी बोलताच येईना. पलटणीत शिकलेलं तेवढंच तोंडात: ऊठ, बैठ, इधर आव, खबरदार. सुमन माझ्या पदरात तोंड लपवायची. मी तरी कुठली शहाणी? गावी मी तिला न्हाऊ-खाऊ घालायची, बोलायला घरभर माणसं होती.

आमचे घरमालक जैन. त्यांचा मुलगा दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायचा. आपल्या तीन वर्षांच्या पोराला समोर बसवून दिवसभर काय काय केलं ते विचारायचा आणि पोर बोलेपर्यंत घास हातात धरून थांबायचा. बोबडं, उलटसुलट काहीही आलं तरी "बरं, मग?" म्हणायचा. हे सगळं म्हाताऱ्या मालकांच्या शेजारी बसून. कुणाची लाज गेली नाही, की कुणाचा मान कमी झाला नाही.

ते बघून हेही शिकले, पण महिने लागले. आधी आधी प्रश्न विचारून उत्तर यायच्या आतच उठायचे. मी म्हणायची, "आवं, थांबा की जरा. शब्द हुडकतीया ती." मग थांबायला लागले. सुमन मला आई म्हणू लागली, त्यांना दादा. एकदा त्यांचे पिवळे झालेले पाय बघून तिनं विचारलं, "दादा, तुमी हळदीत झोपता व्हय?" त्यावर दोघं कितीतरी वेळ बोलत बसली होती. मी भाकरी थापायची थांबून ऐकत राहिले.

मग चैत्रात गावच्या यात्रेला आपण भेटलो. घराच्या पुढच्या सोप्यात मामंजी, तुमचे मालक, पाव्हणे बसले होते. सुमन धावत जाऊन यांच्या गुडघ्यावर रेलली. "दादा, पालखीवर गुलाल का टाकत्यात?" यांनी आढ्याकडे बघितलं. तिनं परत विचारलं. तिसऱ्यांदा तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, तर यांनी तिचा हात बाजूला सारला. मामंजी म्हणाले, "पोरीच्या जातीला लय त्वांड फुटलंय. सांगलीचं वारं." तुम्ही तिला दंडाला धरून आत आणलंत आणि मला म्हणालात, "पोरीला जरा वळण लाव गं." आक्का, मला तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. तुमचीही मुलं त्याच सोप्यात बापाच्या तोंडाकडे बघत मोठी झाली.

परत आल्यावर तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती दाराकडे बघून, हळूच. "दादा, आता बोलू का?" तेव्हापासून दरवेळी ती आधी घरात कोण आहे ते बघते आणि मग हेच विचारते. वर्षभर कष्टानं शिकलेलं तुम्ही सगळ्यांनी मिळून एका दुपारीत पुसून टाकलंत. त्यात पहिले हे. बापानं पोरीला गप्प केलं, आणि कशासाठी, तर चार माणसांत मान राहावा म्हणून.

आता मामंजींचं पत्र आलंय, दिवाळीला या, लोणंदच्या स्टेशनावर बैलगाडी पाठवतो. हे मला म्हणाले, "तिला समजावून ठिव. तितं माज्याशी बोलू नगं म्हणावं." लग्नानंतर मी पहिल्यांदा यांच्यावर आवाज चढवला. "मी न्हाई सांगणार. गप बसायचं तुमीच शिकवा तिला, डोळ्यात डोळं घालून." हे म्हणाले, "तसलं सांगायला मला न्हाई जमायचं."

म्हणून गाडी पाठवू नका, आमची दिवाळी इथंच घरी होईल. हे पत्र तुमचा थोरला वाचून दाखवील, सोप्यातच वाचू दे त्याला. मामंजी म्हणतील, भाड्याच्या दोन खोल्या म्हणजे काय घर झालं? झालं. परवापासून हे ड्युटीवरून आले की डोक्याचं मुंडासंही न उतरवता तिच्यासमोर बसतात, आणि तिनं परवानगी मागायच्या आत म्हणतात, "बोल."