वकीलसाहेबांच्या खिडकीतली जास्वंद

"बुडापासून काप," वकीलसाहेब म्हणाले.

"शेंडे तेवढे घ्या जी," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

मी दोघांच्या मधे कात्री घेऊन उभा.

तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि मी सरकारी बागेत हेडमाळी होतो. रविवारी नागपूरच्या धंतोलीतल्या बंगल्यांची कामं करायचो. अर्धांगवायूनं वकीलसाहेबांची उजवी बाजू गेली होती. त्यांचा पलंग पश्चिमेच्या खिडकीशी होता आणि बाहेर जास्वंद दहा फूट माजली होती. कोर्टाकडे जाणारे टांगे त्यांना ऐकू यायचे, दिसायचे नाहीत. बाईंना मात्र त्याच झाडाची फुलं रोज पूजेला लागायची.

जुन्या झुडपाचा नियम सोपा आहे. एका वर्षी तिसरा हिस्सा काढायचा. सगळ्यात जाड, जुन्या फांद्या बुडाशी कापायच्या, बाकीच्या ठेवायच्या. तीन वर्षांत झाड नवं होतं. मी तसं सांगितलं.

"तीन वर्षं?" साहेबांची जीभ जड झाली होती, उलटतपासणी शाबूत होती. "तेवढा मी राहीन याची गॅरंटी देतो काय गा?"

"नाही जी."

"गुडघ्यापर्यंत कापली तर मरते काय?"

"सहसा मरत नाही. पण—"

"झालं. मले रस्ता पाहू दे."

होळी होऊन गेली होती. एवढी कडक छाटणी थंडी सरता सरता करतात, उन्हाळ्याच्या तोंडावर नाही. 'पण'च्या पुढे हे होतं. मी ते गिळलं आणि कापायला लागलो.

दुपारपर्यंत बैलगाडी भरली. खोलीत उजेड आला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोर्टातल्या एका जुन्या कारकुनानं टांग्यातून नमस्कार केला. साहेबांनी डावा हात वर केला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. बाई गाडीतल्या फांद्यांवरच्या कळ्या खुडत होत्या.

सोमवारी मी बागेच्या इंग्रज सुपरिंटेंडंटला सांगितलं.

"मार्चमध्ये?" तो म्हणाला. "नागपुरात?" आणि फाइलकडे वळला.

एप्रिलात लू, म्हणजे भाजणारं वारं, सुरू झाली. झुडपानं रस्ता अडवला होता तसं ऊनही अडवलं होतं, हे तेव्हा कळलं. खोलीची भट्टी झाली. बाईंनी गारव्यासाठी खिडकीला वाळ्याची ताटी लावली. साहेबांना आता रस्ताही दिसेना आणि पानंही.

झाडाची तीच गत. कायम सावलीत राहिलेली साल एकदम उन्हात आली की भाजते, तडकते. नऊ खोडांपैकी पाच वाळली.

"मेली काय जी?" छाटणीनंतर बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

मी नखानं साल खरवडून दाखवली. आत हिरवं असेल तर जीव आहे. चार खोडांत होता. संत्र्याच्या खोडाला लावतात तसा चुना लावला, वरून गोणपाट गुंडाळलं. बाई सकाळ-संध्याकाळ पाणी घालायच्या. मी दर रविवारी न बोलावता जायचो.

"काय म्हणते अशील?" साहेबांनी एकदा ताटीआडून विचारलं.

"तग धरून आहे जी."

"त्या दिवशी तू 'पण' म्हणाला, ते काय होतं?"

मी सांगितलं.

"तवाच काहून नाही बोलला गा?"

"तुम्ही बोलू दिलं नाही."

"साक्षीदारानं वकिलाचं एवढं ऐकू नये," ते म्हणाले.

जून संपता संपता चारही खोडांना धुमारे फुटले. गणपतीत बाईंना घरची फुलं मिळाली, मोजकीच. झुडूप खिडकीच्या खालच्या चौकटीपाशी आलं तशी त्यांनी शेंडे स्वतःच खुडायला सुरुवात केली. झाडाला त्यांनी मला पुन्हा हात लावू दिला नाही. ताटी निघाली होती; झुडपाच्या वरून साहेबांना टांगे दिसायचे.

तेव्हापासून मी झुडपाला कात्री लावण्याआधी त्याच्या मागे जाऊन उभा राहतो आणि दुपारचं ऊन कुठे पडेल ते बघतो. तिथे कोणाचा पलंग असेल, तर काम थंडीपर्यंत पुढे ढकलतो.